सनद

आमच्या घरात एक लोखंडी ट्रंक आहे आणि त्या ट्रंकेत सनद आहे, असं मी लहानपणापासून ऐकत आले. पहाडगंजमधल्या भाड्याच्या दोन खोल्या, गोल मार्केटजवळचं सरकारी क्वार्टर, मयूर विहारमधला डीडीएचा फ्लॅट आणि आता नोएडातलं माझं घर, एवढा प्रवास त्या ट्रंकेने केला. दर वेळी बाबांनी ती स्वतःच्या हाताने टेम्पोत चढवली. आत आईचा शालू, माझ्या आणि दादाच्या पत्रिका, आणि अगदी तळाशी धोतराच्या फडक्यात बांधलेले अकरा कागद. कागद मोडीत होते. पणजोबांनंतर घरात मोडी वाचता येणारं कुणी उरलं नव्हतं.

वाचता येत नसल्यामुळे त्या कागदांत काय आहे हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. आपला मूळपुरुष भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेत आला, पानिपतावरून परतला नाही, पुढे शिंद्यांच्या चाकरीत दिल्लीला राहिला आणि त्याला कुठल्याशा गावाची सनद मिळाली, अशी ती गोष्ट. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवतानाही ते १४ जानेवारी १७६१ काढायचे. तालकटोऱ्यावरून बस गेली की १७३७ सालची बाजीरावाची स्वारी निघायची. मी नोएडात राहायला आले तेव्हा त्यांना सगळ्यात आनंद कशाचा झाला असेल, तर इथल्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीत असलेल्या एका दगडी स्तंभाचा. १८०३ मध्ये यमुनेच्या या काठावर जनरल लेकने शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला, त्या पटपडगंजच्या लढाईची ती खूण. "बघ, फिरून आपण आपल्याच जागेवर आलो," असं ते म्हणाले होते.

मी हसले नाही. दिल्लीतल्या मराठी माणसाला एक प्रश्न आयुष्यभर विचारला जातो: "आप लोग यहाँ कब आए?" आजोबा-पणजोबा कारकून म्हणून आले, असं सांगितलं तर समोरचा मान हलवून दुसऱ्या विषयाकडे वळतो. पानिपतच्या वेळी, असं म्हटलं की तो खुर्ची पुढे ओढतो. हरयाणातला रोड समाज आज स्वतःला पानिपतातून मागे राहिलेल्या मराठ्यांचा वंशज मानतो, तेही मला समजतं. आपण कुठल्या तरी मोठ्या दिवशी इथे आलो, असं प्रत्येकाला वाटावंसं वाटतं. दिल्ली विद्यापीठात तौलनिक साहित्यात एम.ए. करताना दंतकथा कशा घडतात यावर मी पानंच्या पानं लिहिली. घरातल्या दंतकथेला मात्र हात लावला नाही. खरं सांगायचं तर ती मीसुद्धा दोन-तीनदा वापरली आहे.

पोटापाण्यासाठी मी अनुवाद करते. गेली बावीस वर्षं. हिंदीतून मराठीत, इंग्रजीतून मराठीत, मराठीतून हिंदीत. पाठ्यपुस्तकं, संस्थांचे अहवाल, औषधांची माहितीपत्रकं, आणि वर्षा-दोन वर्षांतून एखादी कादंबरी. माझं नाव छापून येतं तेव्हा त्याच्या आधी 'अनुवाद' हा शब्द आणि दोन टिंबं असतात. त्या टिंबांच्या मागे मला बरं वाटत आलं. आपलं काही लिहावं असं कधी वाटलंच नाही म्हटलं तर ते खोटं ठरेल. वाटायचं, पण कोरं पान समोर आलं की मूळ मजकूर कुठे आहे ते मी शोधायला लागायचे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीला झालं, तेही तालकटोरा स्टेडियममध्ये. बाबा तेव्हा ७८ वर्षांचे होते, गुडघे गेलेले. "व्हीलचेअर भाड्याने आण, पण मी जाणार," असं त्यांनी आठवडाभर आधीच बजावलं होतं. दिल्लीत याआधीचं संमेलन १९५४ साली झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते. सात वर्षांच्या बाबांना त्यांच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, बोट धरून नेलं होतं. भाषणातलं त्यांना काही आठवत नाही. आजोबांचा हात घामेजलेला होता एवढं आठवतं.

या वेळी अध्यक्षस्थानी लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर होत्या. बायकांनी कागदावर न लिहिता ओव्यांतून, कहाण्यांतून जपून ठेवलेल्या जगावर ज्यांनी आयुष्यभर काम केलं, त्या बाईंना बघायला मी गेले होते. बाबा बाजीरावासाठी आले होते. ग्रंथप्रदर्शनात त्यांची खुर्ची ढकलत असताना मोडी बाराखडीचं एक पातळसं पुस्तक दिसलं. बाबांनी ते उचललं, दोन पानं उलटली आणि माझ्या मांडीएवढ्या उंचीवरून वर बघत म्हणाले, "तुला येईल की हे. भाषांचंच शिकलीयस ना?"

दुसऱ्याच्या भाषेतून आपल्या भाषेत माल आणणारी मी. आपल्याच घरातली आपल्याच भाषेतली पत्रं मला वाचता येत नाहीत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट लागलं.

मोडीच्या ऑनलाइन वर्गाला मी मार्चमध्ये नाव घातलं. शनिवार-रविवार, सकाळी सात ते साडेआठ. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या, निवृत्त. आम्ही बावीस जण होतो. दोघे तहसील कचेरीतले होते. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा एकाएकी गावोगावच्या दप्तरांना मोडी वाचणारी माणसं हवी झाली, त्याचा तो परिणाम. एक वकील होते, जमिनीच्या दाव्यापायी आलेले. इतिहासाचे विद्यार्थी होते. नुसतं अक्षर आवडतं म्हणून आलेली एक दंतवैद्य मुलगी होती. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपण का आलो ते सांगितलं. मी म्हणाले, "घरात सनद आहे." बाई म्हणाल्या, "बरं. आधी अक्षरं लावू."

मोडीत आधी रेघ येते, मग अक्षरं. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेखा ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, होता होईल तो लेखणी न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. दिन आणि दीन एकच. विरामचिन्हं नाहीत. आणि मुख्य म्हणजे दोन शब्दांत अंतर नाही. ओळ संपली की शब्द जिथे असेल तिथे तुटतो आणि खालच्या ओळीवर पुढे सुरू होतो. लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो आणि तो सगळा वेळ वाचणाऱ्याला भरावा लागतो. शेकडो वर्षं मराठीचा कारभार या लिपीत चालला. छापखान्याने बाळबोध धरली, तरी शाळेत मोडीचा धडा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होता. बाबा पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत जायला लागले तेव्हा तो संपला होता. आजोबा मोडीत लिहायचे आणि मांडीवरच्या नातवाला ते वाचता यायचं नाही. लिपी मरते ती अशी, एकाच घरात, एकाच खोलीत.

आमच्या मजल्यावरच्या बिहारी शेजाऱ्यांना हे सांगितलं तर ते आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. त्यांच्या आजोबांचे जमिनीचे कागद कैथीत होते. त्यांनाही वाचता येत नव्हते. आम्ही दोघं लिफ्टसमोर उभं राहून एकमेकांचे न वाचता येणारे कागद बघत राहिलो.

अक्षरं ओळखता यायला लागली तसं ती लिहावीशी वाटू लागली. बॉलपेनने मोडी निघत नाही, निघाली तरी तिला अंग येत नाही. बोरू हवा. दिल्लीत बोरू कुठे मिळणार? मग उर्दू बाजार आठवला. जामा मशिदीसमोरच्या त्या रांगेत एके काळी कातिब बसायचे, आता पुस्तकांची दुकानंही कमी झाली आहेत. एका म्हाताऱ्या दुकानदाराने जाडीप्रमाणे चार कलम काढून दिले. कशासाठी, म्हणून विचारलं. मी कागदावर माझं नाव मोडीत काढून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ये तो आपका शिकस्ता है।" फारसी-उर्दूतलं घाईचं, कचेरीचं अक्षर म्हणजे शिकस्ता, आणि शिकस्ता म्हणजे मोडलेलं. मोडी हे नावही मोडणे या क्रियापदावरून आलं असं सांगतात. एम.ए.च्या दोन वर्षांत ही जोडी कुणी माझ्यासमोर ठेवली नव्हती.

मग सकाळी साडेपाचला उठायचं आणि काम सुरू होईपर्यंत रेघा ओढायच्या, असं सुरू झालं. आधी नुसत्या रेघा. मग बाराखडी. मग सकाळच्या वर्तमानपत्रातली एखादी बातमी मोडीत. चाळिशी ओलांडल्यावर एखाद्या गोष्टीत इतकं वाईट असणं आणि तरी रोज तिच्याकडे जावंसं वाटणं, हा मला नवा अनुभव होता. बोटांना शाई लागलेली घेऊन मी दिवसभर अहवाल टाइप करायचे. बाबा येऊन मागे उभे राहायचे. "कागदांना कधी हात लावणार?" एवढंच विचारायचे.

जूनमध्ये फडकं सोडलं.

अकरापैकी चार पावत्या होत्या, धान्याच्या आणि शेतसाऱ्याच्या. एक गहाणखत होतं, सन १९१९ चं, सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या जिराईत तुकड्याचं. सहा पत्रं होती. कुठलाच कागद पेशवाईतला नव्हता. सगळं अक्षर इंग्रजी अमदानीतलं, टाकाने ओढलेलं, तिरकं आणि घाईचं. बाई म्हणायच्या की पेशवाईतलं चिटणीशी वळण वाचायला सोपं. खरा कस लागतो तो या अलीकडच्या मोडीत. एका पत्रात 'मानमोडी' असा शब्द लागला आणि मला हसू आलं, वाटलं लिपीबद्दलच काही लिहिलंय. बाईंना विचारलं. "१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ," त्या म्हणाल्या, "तिला मानमोडी म्हणायचे." मी तो शब्द हसतच वहीत लिहिला होता. खाडाखोड न करता तसाच ठेवलाय.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी पाचव्या पत्राशी झटत होते. पत्र घडीवर कसरीने खाल्लेलं. एका ओळीत 'पाटलाचा ऐवज' असं वाचता आलं. मग भोक. भोकाच्या पलीकडे, ओळीच्या शेवटी, स्पष्ट अक्षरं: णी, स, न, दे. खालच्या ओळीच्या सुरुवातीला ता. जुन्या कागदांत ता म्हणजे तालुका किंवा तारीख. पाटलाचा ऐवज, सनदे, तालुका. मी खुर्चीवरून उठले. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, परत येऊन भिंगातून बघितलं. स, न, दे.

"बाबा, सनद आहे."

त्या संध्याकाळी त्यांनी इंदूरच्या चुलतभावाला, ग्वाल्हेरच्या मेहुण्याला आणि दादाला फोन केले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर माझ्या भिंगासकट कागदाचा फोटो गेला. गणपतीत एका मंडळात 'दिल्लीतली जुनी मराठी घराणी' असा कार्यक्रम होता. बाबांनी तिथे दहा मिनिटं मागून घेतली. त्यांनी वहीत मुद्दे काढायला सुरुवात केली. आई गेल्यानंतर ते वहीत काही लिहिताना मला दिसले नव्हते.

कार्यक्रमाला चार दिवस होते तेव्हा वर्गात माझ्या पत्राची पाळी आली. मी मोठ्या आकारात स्कॅन करून पाठवलं होतं. बाईंनी पडद्यावर ते पान वाढवलं आणि भोकाच्या कडेला उरलेल्या शाईवर बाण फिरवत राहिल्या. "इथे ब आहे," त्या म्हणाल्या. "इथे ही. आता पुढचं अक्षर धरा." मग थोडं थांबून, "ओळ तुम्ही तोडली. शब्द नका तोडू. पुढच्या ओळीतलं ता वर घ्या."

ब, ही, णी, स, न, दे, ता.

बहिणीस न देता.

मग 'पाटलाचा'ही राहिला नाही. तो पाटल्यांचा होता. हातातल्या पाटल्या. पूर्ण वाक्य असं होतं: पाटल्यांचा ऐवज बहिणीस न देता तुम्ही आपणाबरोबर नेला. बाविसातल्या कुणीतरी माइक सुरू ठेवला होता, मागे कुकरची शिट्टी झाली. बाई म्हणाल्या, "असं होतं. आपल्याला जे हवं असतं ते आधी दिसतं."

उरलेलं पत्र लागायला दोन तास पुरले. थोरल्या भावाने दिल्लीतल्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या पणजोबांना, लिहिलेलं पत्र. मानमोडीत मेहुणा गेला. बहीण माहेरी परत आली. तिच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या धाकट्याने साताऱ्याला नेऊन मोडल्या, एकशे चार रुपये आले. ते तिच्या नावाने ठेवायचे ठरले होते. ते घेऊन धाकटा दिल्लीला गेला. तिथे नोकरी लागल्याचं तिसऱ्याकडून कळलं. गं. भा. ताई रागावलेली नाही. नोकरी कायम झाली का, एवढंच विचारते. आज तिने पाट मांडला होता.

हे असं होतं तर. पानिपत नाही, शिंदे नाहीत. १९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणायचं ठरलं, कचेऱ्यांना माणसं लागू लागली, आणि सिव्हिल लाइन्समधल्या तेव्हाच्या सचिवालयात सातारा जिल्ह्यातला एक तरुण, विधवा बहिणीच्या पाटल्या विकून, कारकून म्हणून दाखल झाला. उन्हाळ्यात सिमला, हिवाळ्यात दिल्ली, आणि मग आम्ही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आता हे बाबांना सांगायचं होतं. किंवा नव्हतं. कारण हे पत्र वाचू शकणारी या घरात मी एकटीच होते. बाबांना आयुष्यभराची एक गोष्ट होती, तिच्यावर दहा मिनिटांचं भाषण बेतलं होतं. मी काही न बोलता राहिले असते तर कुणाचं काय बिघडणार होतं? अशा तडजोडी मी रोज करते. एका अहवालात मूळात उपासमारीने मेले असं होतं. छापणाऱ्यांनी कुपोषणामुळे दगावले असं सुचवलं आणि मी ते करून दिलं. कादंबरीतली शिवी मी कितीदा मवाळ केली आहे. मजकूर गुळगुळीत करणं मला येतं. पैसे त्याचेच मिळतात.

पण इथे ज्याचं गुळगुळीत करायचं होतं ते एका बाईचं नाव होतं. खरं तर नावही नव्हतं. अकराही कागद मी पुन्हा बघितले. थोरल्या भावाचं नाव होतं, धाकट्याचं होतं, सावकाराचं होतं, गहाणखतावरच्या दोन साक्षीदारांची होती. तिला फक्त ताई. मी ते वाक्य गिळलं असतं, तर तिचा उल्लेख असलेली जगातली एकुलती एक ओळ मी पुन्हा बंद केली असती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या चहानंतर मी बाबांच्या समोर बसले आणि म्हणाले, "बाबा, मी चुकीचं वाचलं होतं." मग पत्र वाचून दाखवलं. जसं होतं तसं. कुठे आवाज बदलला नाही, मध्ये खुलासा केला नाही.

ते काही बोलले नाहीत. कप बशीत होता तो त्यांनी उगाच फिरवला. मग म्हणाले, "परत वाच."

मी परत वाचलं.

"तिथी काय घातलीय?"

तिथी मी वाचली होती पण तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. मी वरची ओळ बघितली. "कार्तिक शु॥ २, शके १८४४."

"म्हणजे १९२२," बाबा म्हणाले. आणि मग, "कार्तिक शुद्ध द्वितीया. भाऊबीज आहे गं ती."

मला एवढी मोडी आली, पण ती तारीख वाचली ती बाबांनी.

बराच वेळाने ते बोलायला लागले. पणजोबा भाऊबीजेला कधी ओवाळून घेत नसत. पहाडगंजच्या घरात त्या दिवशी शेजारपाजारच्या मुलीबाळी यायच्या, मुलांना ओवाळायच्या, पण संध्याकाळी आजोबा काठी घेऊन बाहेर पडायचे ते सगळ्यांची जेवणं झाल्यावर परत यायचे. "आम्हाला सांगितलं होतं, त्यांना बहीण नाही, म्हणून वाईट वाटतं त्यांना. मी एकदा मागे लागलो, मला न्या म्हणून. तर मला ओरडले. एरवी कधी ओरडले नाहीत." बाबा थांबले. "माझ्या आजोबांना बहीण होती."

मग त्यांनी विचारलं, "तिचं नाव काय?"

मी सांगितलं की नाव नाही.

गणपतीतल्या कार्यक्रमात बाबा १९५४ च्या संमेलनावर बोलले. आजोबांचा घामेजलेला हात त्यांनी सांगितला. सनदेबद्दल एकाने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "वाचनात चूक झाली होती." घरी येताना टॅक्सीत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

त्यानंतर आठवडाभर त्यांनी ट्रंकेतला प्रत्येक कागद मला काढायला लावला, मोडी नसलेलेही. पणजोबांनी पैसे परत केले असतील, हे त्यांना शोधायचं होतं. मलाही. घरभाड्याच्या पावत्यांत तीन मनीऑर्डरच्या पावत्या सापडल्या, प्रत्येकी पाच रुपयांच्या, थोरल्या भावाच्या नावे पाठवलेल्या. पंधरा रुपये. बाबांनी पुन्हा पुन्हा मोजल्या. उरलेल्या एकोणनव्वद रुपयांचा हिशेब ट्रंकेत नाही. गावाकडच्या भावकीतल्या एकांचा नंबर मिळवून फोन केला. अशी कुणी असल्याचं आपण ऐकलेलं नाही, असं ते म्हणाले. फार अदबीने म्हणाले.

मुळं शोधायला निघालेल्या माणसाला अभिमान वाटावं असं काही हाती लागेल अशी आशा असते. आमच्या हाती देणं लागलं. पण मला एक कबूल करायला हवं. सनद निघाली असती तर मी तिचा अनुवाद केला असता, एखाद्या अंकात छापला असता आणि पुढच्या कामाला लागले असते. या पत्राचा अनुवाद करावा असं मला वाटलं नाही. मला त्याला उत्तर द्यावंसं वाटलं.

उत्तर लिहायला बसले ते बोरूनेच. आणि तिथे एक गोष्ट घडली, जिचा मी विचार केला नव्हता. बाळबोधीत लिहिताना माझा डोळा लिहिलेल्या ओळीवर लगेच मागे जातो. शब्द बदलतो, वाक्य सरळ करतो, बावीस वर्षांची सवय. मोडीत मला लिहायला येतं, पण लिहिलेलं इतक्या वेगाने वाचायला अजून येत नाही. मागे बघून काही दिसत नसल्यामुळे मी पुढे जात राहिले. तासाभराने मान वर केली तेव्हा चार पानं भरली होती आणि त्यांना मूळ मजकूर कुठलाच नव्हता. त्यात साताऱ्याचं एक घर होतं जे मी पाहिलेलं नाही, एक बाई पाट पुसत होती, आणि ती काय म्हणते ते मला ऐकू येत होतं. तेव्हापासून रोज सकाळी दोन पानं, कधी तीन. त्याचं काय होईल माहीत नाही. हा लेखही आधी मोडीत लिहिला, मग बाळबोधीत आणला. अनुवाद नाही म्हणता येणार. लिप्यंतर.

गेल्या वर्षी भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. दादा गुरुग्रामहून आला, मी त्याला ओवाळलं, बाबा बघत बसले होते. दादा गेल्यावर मी त्यांच्या हातात एक कागद दिला. पणजोबांच्या बहिणीला मी काय म्हणणार? आत्यापणजी हा शब्द मीच जुळवला. तिला लिहिलेलं पत्राचं पहिलं पान होतं ते.

"वाचून दाखव," बाबा म्हणाले.

"तुम्ही वाचा."

संमेलनात घेतलेलं ते पातळ पुस्तक सप्टेंबरपासून त्यांच्या उशाशी होतं, हे मला माहीत होतं. त्यांनी चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. तीर्थस्वरूप एवढं निघायला पाच मिनिटं लागली. पुढे आत्या निघालं. ओळ तिथे संपत होती. ते थांबले. मी काही बोलले नाही. त्यांनी बोट उचललं नाही, ते तसंच कागदावरून घसरवत खालच्या ओळीच्या सुरुवातीला आणलं आणि पुढचं अक्षर लावायला लागले.